मंजुरीची सही : जनपद सभेपासून ग्रामसभेपर्यंत



ज्या शाळेच्या पटावर आपले नाव एके काळी हजेरीसाठी पुकारले जात होते, त्याच शाळेत व्याख्याता म्हणून उभे राहणे हा मोठा सन्मान आहे, तसाच तो संकोचाचाही प्रसंग आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हाला इतिहास शिकविला. राजांच्या सनावळ्या ते घोकून घेत. परंतु त्यांचा खरा आवडीचा प्रश्न निराळाच असे. "हा हुकूम निघाला खरा, पण तो गावात पोहोचला केव्हा, आणि कोणाच्या हातून?" असे ते विचारीत. आजचे विवेचन त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

ग्रामीण स्थानिक कारभारात तत्त्वनिष्ठा आणि व्यवहार यांचा जो झगडा गेली पाऊणशे वर्षे आपल्या या मुलखात चालला आहे, त्याविषयी मी बोलणार आहे. भरवेलीच्या माणसाला हा विषय परका नाही. आपल्या गावाची स्थितीच पाहा. येथील मँगेनीजची खाण शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. भूगर्भातील मँगेनीजची आशियातील सर्वांत मोठी खाण म्हणून तिचा लौकिक आहे. आधी ती सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगेनीज ओअर कंपनी या इंग्रजी कंपनीची होती. 1962 मध्ये तीत केंद्र, मध्यप्रदेश व महाराष्ट्र या सरकारांचे भागभांडवल आले आणि 1977 मध्ये ती संपूर्णपणे सरकारी झाली. जनगणना करणाऱ्यांच्या लेखी भरवेली हे 'नगर' आहे, कारण लोकसंख्या, दाटी आणि शेतीबाहेरचा रोजगार या तिन्ही कसोट्यांना ते उतरते. कायद्याच्या लेखी मात्र येथे नगरपालिका नाही. जनगणनेत नगर आणि कारभारात गाव, असा हा दुहेरी संसार आहे. ज्यांना वाटते की कायदा आणि वस्तुस्थिती यांचे आपोआप जुळते, त्यांनी एकदा भरवेलीस यावे.

विषयाच्या गाभ्याकडे वळण्यापूर्वी स्वतःचा एक अनुभव सांगतो. तो सांगण्यास मी इतकी वर्षे टाळाटाळ केली आहे.

1995 साली मी जिल्ह्यातील एका लहान गावी शिक्षक होतो. गावाचे नाव सांगत नाही. नव्या पंचायत कायद्यानुसार निवडणुका होऊन वर्ष झाले होते आणि सरपंचपद स्त्रियांसाठी राखीव असल्याने एक गोंड बाई सरपंच झाल्या होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. परंतु गावातील प्रत्येक घरचे देणेघेणे त्यांना तोंडपाठ होते. सचिवाकडे चार गावे, म्हणून ग्रामसभेची कार्यवाही लिहिण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. वरच्या टोल्यासाठी हातपंप मागण्याचा ठराव होता. मतदार चारशेच्या वर. गणपूर्तीसाठी दशांश, म्हणजे चाळिसांहून अधिक माणसे हवीत. आली सव्वीस. बाकीचे धानकापणीला गेले होते. सरपंचबाईंनी सुचविले की ठराव लिहून ठेवावा, संध्याकाळी लोक परतले की घरोघरी पुस्तक फिरवून आंगठे घ्यावेत. मी नकार दिला. जे सभेत नव्हते त्यांना हजर दाखविणे म्हणजे खोटा दस्तऐवज, आणि खोट्या दस्तऐवजावर ग्रामस्वराज्य उभे राहत नाही, असे मी बऱ्याच आवेशाने सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी, आंगठा त्यांचाच राहील ना? तहान पण त्यांचीच आहे." मी ऐकले नाही. सभा तहकूब झाली, पुढची सभा भरेपर्यंत प्रस्ताव पाठविण्याची मुदत टळली आणि हातपंप पुढच्या वर्षावर गेला. मधला उन्हाळा वरच्या टोल्याच्या बायकांनी नाल्यात झिरे खणून काढला. शाळेच्या ओट्यावरून मी त्यांना रोज जाता-येता पाहत होतो.

माझे चुकले की त्यांचे, हा प्रश्न घेऊन मी इतिहासाकडे वळलो. तेथे मला तोच प्रश्न फार मोठ्या माणसांच्या तोंडी आढळला.

आपल्या देशात ग्रामपंचायतीविषयीचे जे दोन परस्परविरोधी विचार घडले, ते दोन्ही मराठी माणसाच्या परिचयाचे आहेत. एका विचाराचे केंद्र वर्ध्याजवळचे सेवाग्राम. खेडे हेच राज्याचे मूळ आणि सत्ता खालून वर जावी, ही गांधीजींची धारणा होती. वर्ध्याच्या महाविद्यालयाचे प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी 1946 मध्ये त्या धारणेवर संविधानाचा एक आराखडाच रचला आणि गांधीजींनी त्याला प्रस्तावना दिली. दुसरा विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. 1932 मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतीचे विधेयक आले तेव्हाच त्यांनी बजाविले होते की, अस्पृश्यांना स्वतंत्र प्रतिनिधित्व दिल्याशिवाय गावाच्या हाती न्याय आणि सत्ता देणे म्हणजे दुबळ्यांना सबळांच्या स्वाधीन करणे होय. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधानसभेत मसुदा मांडताना त्यांनी खेड्याच्या गौरवगाथेवर जो कठोर प्रहार केला तो प्रसिद्धच आहे. गावात त्यांना संकुचितपणा आणि अज्ञान यांचीच वस्ती दिसली. मसुद्यात पंचायतींचा उल्लेखही नव्हता. पुढे 22 नोव्हेंबरला के. संतानम् यांची दुरुस्ती आली, डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली आणि आजचा 40 वा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांत दाखल झाला. ज्याची सक्ती न्यायालयातून होऊ शकत नाही अशा भागात पंचायतींना जागा मिळाली. दोन्ही पक्षांना घरी जाता येईल अशी ही तडजोड होती. तिचा उपहास करणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांच्यात नाही. मात्र ही जागा म्हणजे ओसरी होती, माजघर नव्हे, हे ध्यानी ठेवले पाहिजे.

दिल्लीत हा वाद चालू होता, त्या आधीच नागपुरात एक मोठा प्रयोग सुरू झालेला होता. याचा विसर आपल्याला पडला आहे, म्हणून त्यावर थोडे रेंगाळतो. त्या वेळी आपला बालाघाट जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात होता आणि राजधानी नागपूर होती. इंग्रजी अमदानीत तर नागपूर, भंडारा, चांदा, वर्धा आणि बालाघाट मिळून एकच नागपूर विभाग होता. पंडित रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळात स्थानिक स्वराज्याचे खाते द्वारकाप्रसाद मिश्र यांच्याकडे होते. हे गृहस्थ एकाच वेळी अवधी भाषेत 'कृष्णायन' हे महाकाव्य रचणारे आणि राजकारणाचे डाव जाणणारे. त्यांनी 1948 च्या कायद्याने जुन्या जिल्हा कौन्सिलांचा गाशा गुंडाळला आणि प्रत्येक तहसिलीसाठी एक जनपद सभा स्थापिली. 1 जुलै 1948 पासून ही योजना अमलात आली. हेतू उदात्त होता. जिल्हा हा लोकांना दूर पडतो आणि गाव फार लहान पडते. तहसील हे माणसाच्या पायी टप्प्यातले क्षेत्र, म्हणून राज्यसत्तेचा बराच भार तेथे उतरावा आणि सरकारी अंमलदार व लोकप्रतिनिधी यांची फारकत मोडावी. 'जनपद' हे नावच प्राचीन गणराज्यांची आठवण देणारे निवडले होते.

आता व्यवहाराची बाजू पाहा. या जनपद सभेचा मुख्य कार्यकारी अधिकारी कोण? जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर! अंमलदाराला लोकसभेच्या आज्ञेत आणावयाचे म्हणून त्याला सभेत बसविले. परंतु जो सभेत बसला तो आपली खुर्ची बरोबर घेऊनच बसला. टीकाकारांनी या योजनेला साहेबी वळणाची म्हणून हिणविले. मिश्रांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की, अंमलदाराला बाहेर ठेवले असते तर त्याने सभेचा कागद आपल्या टेबलावर अडविला असता. आत घेतल्याने निदान त्याला सभासदांची तोंडे तरी पाहावी लागली. योजना मोडीत निघाली नाही, फळालाही आली नाही. शाळा, दवाखाने, रस्ते, कांजीहौस एवढी कामे पदरी आणि उत्पन्न तुटपुंजे, अशा स्थितीत तत्त्वज्ञान कोणतेही असले तरी सभेचा बहुतेक वेळ पैशाच्या विवंचनेतच जाणार.

या पैशाच्या विवंचनेची एक कथा आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात घडली आणि ती थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. खाणीच्या गावाने ती मुद्दाम ऐकावी. पेंच खोऱ्यातील कोळसा खाणींच्या टापूसाठी 1920 च्या कायद्यान्वये 'इंडिपेंडंट मायनिंग लोकल बोर्ड' नावाची संस्था होती. तिने 1935 मध्ये खाणीतून विकल्या जाणाऱ्या कोळशावर टनामागे तीन पै कर बसविला. तीन पै म्हणजे जुना एक पैसा! पुढे बोर्डाने हा दर नऊ पैपर्यंत नेला. 1948 नंतर बोर्डाची जागा छिंदवाड्याच्या जनपद सभेने घेतली आणि वाढीव दराने कर घेणे चालू ठेवले. खाण कंपन्या न्यायालयात गेल्या. 1960 नंतरच्या पहिल्या चार वर्षांत सर्वोच्च न्यायालयात या वादाच्या दोन फेऱ्या झाल्या. शेवटी निर्णय असा की मूळचा तीन पैचा कर ठीक. परंतु दरवाढीला सरकारची जी पूर्वमंजुरी लागत होती ती घेतलेली नव्हती, सबब वाढ बेकायदा.

म्हणजे काय झाले? कर योग्य की अयोग्य, खाणीने टापूतल्या रस्त्याला आणि दवाखान्याला हातभार लावावा की न लावावा, हा प्रश्न बाजूस राहिला. एका मंजुरीची सही नव्हती, एवढ्यावर जनपद सभा हरली.

पुढचा भाग अधिक उद्बोधक आहे. 1963 मध्ये मिश्रजी मुख्यमंत्री झाले होते. 1964 मध्ये राज्य विधानमंडळाने 'कोयला उपकर (मान्यताकरण) अधिनियम' संमत करून जाहीर केले की, झालेली करआकारणी वैध होती असे मानावे. जनपद सभेचा जनक राज्याच्या मुख्यपदी असताना तिच्या मदतीला हा कायदा धावून आला, हा योगायोगही लक्षणीय आहे. परंतु 1970 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही टिकू दिला नाही. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा की, विधानमंडळाला मूळ कायद्यातला दोष पूर्वलक्षी प्रभावाने दूर करता येतो. पण दोष तसाच ठेवून, न्यायालयाने बेकायदा ठरविलेली गोष्ट कायदेशीर होती असे नुसते म्हणता येत नाही. हा निकाल मी प्रथम वाचला तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. संध्याकाळी घरोघरी पुस्तक फिरवून आंगठे घेण्याची जी सूचना सरपंचबाईंनी केली होती, तीच येथे एका विधानमंडळाने केली होती, आणि देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने मीच दिलेले उत्तर दिले होते. मला आनंद व्हावयास हवा होता. तो झाला नाही. कारण छिंदवाड्याच्या त्या टापूतही कोणी तरी उन्हाळा काढलाच असणार.

मध्यंतरी 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपण मध्यप्रदेशात राहिलो. एकाच जनपद योजनेची ही दोन भावंडे निरनिराळ्या घरी वाढली. बलवंतराय मेहता समितीने 1957 मध्ये विकासगटावर भर दिला होता आणि जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदी कलेक्टरला बसवावे असे सुचविले होते. महाराष्ट्राने नेमलेल्या वसंतराव नाईक समितीने 1961 मध्ये नेमके उलट सांगितले. सत्तेचे केंद्र जिल्ह्यात ठेवा, कलेक्टरला परिषदेबाहेर ठेवा आणि आमदार-खासदारांनाही आत घेऊ नका. नाईक हे पुसदचे. 1952 मध्ये ते जुन्या मध्यप्रदेशच्या विधानसभेवर निवडून आले होते. डेप्युटी कमिशनर आत बसला म्हणजे काय होते हे त्यांनी जवळून पाहिले असणार, असा माझा तर्क आहे. 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि विदर्भातील जनपद सभा इतिहासजमा झाल्या. आपल्याकडे 1962 च्या कायद्याने जनपद पंचायत आली. सभा गेली, पण नाव टिकले. आजही आपल्या मुलीचा अर्ज घेऊन आपण 'जनपद'मध्ये जातो आणि गोंदियाकडचा आपला साडू 'पंचायत समिती'त जातो. शब्दांच्या या फरकामागे एवढा इतिहास आहे.

अनुभव कोणाचा बरा, असे मला विचाराल तर मी महाराष्ट्राच्या बाजूने कौल देईन, पण अर्ध्या मनाने. तेथे जिल्हा परिषदेच्या निवडणुका पक्षचिन्हांवर होतात, म्हणून कोण कोणाचा हे उघड असते आणि जाब कोणास विचारावा हेही कळते. उलट सहकारी साखर कारखाना, बँक आणि परिषद ही तिन्ही एकाच घराण्याच्या कोनाड्यात जाऊन बसण्याचे प्रकारही तेथेच झाले. आपल्याकडे तिन्ही स्तरांवर पक्षचिन्हाला बंदी आहे. गावात भेद नको, हे त्यामागचे जुने सर्वोदयी तत्त्व. प्रत्यक्षात उमेदवार कोणाचा हे पानठेल्यावरच्या पोरालाही ठाऊक असते. तथापि या सोवळ्याचा एक उपयोग मी पाहिला आहे. निवडणूक आटोपल्यावर कालचे दोन प्रतिस्पर्धी एकाच सतरंजीवर बसतात आणि कोणाची पक्षनिष्ठा ढळली असे म्हणावे लागत नाही. ढोंग खरे, पण लग्नकार्यात चालून जाते असे.

24 एप्रिल 1993 रोजी 73 वी घटनादुरुस्ती अमलात आली. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना किमान एक-तृतीयांश जागा अनिवार्य झाल्या. सेवाग्रामची पंचायत बाबासाहेबांच्या अटीवर संविधानात शिरली, असे मी याचे वर्णन करीन. मध्यप्रदेशाने 1994 मध्ये सर्वांच्या आधी निवडणुका घेतल्या. मग प्रयोगांची घाईच झाली. 1999 मध्ये 'जिला सरकार' आले, त्याची सूत्रे जिल्ह्याच्या प्रभारी मंत्र्याकडे. 2001 मध्ये 'ग्राम स्वराज' आले, त्यात सर्व सत्ता ग्रामसभेकडे. दोन वर्षांच्या आत एकाच सरकारने सत्ता मंत्र्याच्या हाती आणि ग्रामसभेच्या हाती दिली! 2003 मध्ये सत्तांतर झाले आणि त्यातील पुष्कळसे मागे पडले.

या काळात आपल्या जिल्ह्यात विचारसरणीने एक भीषण रूपही दाखविले. डिसेंबर 1999 मध्ये राज्याचे परिवहनमंत्री लिखीराम कावरे यांची त्यांच्या गावी नक्षलवाद्यांनी हत्या केली. जे म्हणतात की गावाच्या कारभारात तत्त्वाला किंमत नसते, त्यांनी त्या वर्षांत बैहर किंवा लांजीकडे मुक्काम केला असता तर बरे झाले असते. तेथे तत्त्व बंदूक घेऊन रात्री येत असे आणि व्यवहार दिवसा गणवेशात. गावकरी दोघांनाही पाणी देत. 1996 मध्ये अनुसूचित क्षेत्रांसाठी पंचायतींचा विशेष कायदा झाला, जो 'पेसा' म्हणून ओळखला जातो; आपल्या जिल्ह्यात बैहरचा भाग त्यात येतो. त्या कायद्याचे नियम मध्यप्रदेशात लागू झाले ते नोव्हेंबर 2022 मध्ये. हुकूम निघाला, पण पोहोचला केव्हा? गुरुजींचा प्रश्न येथे सव्वीस वर्षे उभा होता.

खाणीच्या पैशाचे पुढे काय झाले, तेही सांगणे भाग आहे. 2015 च्या दुरुस्तीने प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. जुन्या पट्ट्यांच्या धारकांनी रॉयल्टीच्या 30 टक्के, लिलावातील पट्ट्यांच्या धारकांनी 10 टक्के इतकी रक्कम बाधित गावांसाठी त्यात भरावयाची. तीन पै ते तीस टक्के, हा प्रवास लहान नाही. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तर असाही निर्णय दिला की, रॉयल्टी हा कर नव्हे आणि खनिज हक्कांवर कर बसविण्याचा अधिकार राज्यांना आहे. छिंदवाड्याचे ते जुने सभासद असते तर त्यांनी पेढे वाटले असते. परंतु प्रतिष्ठानच्या कागदांवर अखेरची सही कोणाची चालते हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने कलेक्टर कचेरीकडेच जावे. 1948 चा डेप्युटी कमिशनर अजून आपल्या खुर्चीसकट आत बसलेला आहे.

मागच्या वर्षी मी त्या गावी गेलो होतो. सरपंचबाई आता थकल्या आहेत, पण डोके तल्लख आहे. वरच्या टोल्यात नळ आला आहे. तो हातपंप गंजून उभा आहे. मी तीस वर्षांपूर्वीची गोष्ट काढली आणि माझ्यामुळे तो उन्हाळा कसा गेला, हे माझ्या तोंडाने त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्यावर राग होता, खूप होता. पण नंतरच्या सभेचे पुस्तक कोणी खोटे लिहिले नाही." मी विचारले, ते बरे झाले का? त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी नातीला आतून ते पुस्तक आणावयास सांगितले. सरकारी दप्तर घरी कसे, हे विचारण्याचे मी या वेळी टाळले. सव्वीस आंगठ्यांखाली माझ्या हातचे 'सभा तहकूब' हे शब्द होते. त्याखालच्या पानावर पुढच्या सभेचे आंगठे होते, मी मोजले, त्रेपन्न. वरच्या टोल्याच्या प्रत्येक घरचा एक आंगठा त्यात होता आणि पहिला आंगठा सरपंचबाईंचा होता.